पत्नी आणि दोन मुलांसह ब्रिटनला परतताना कुटुंबाचे उत्पन्न किती असावे?

मुळाकाठ

नमस्कार. मी २००६ ते २०१७ अशी अकरा वर्षे रेडिंगमध्ये नोकरी केली. २०१३ साली मला ब्रिटिश नागरिकत्व मिळाले. ऑगस्ट २०१७ मध्ये वडिलांच्या आजारपणामुळे आम्ही पुण्याला परतलो. दोन-तीन वर्षांत पुन्हा जाऊ असे तेव्हा वाटले होते, पण आठ वर्षे उलटली. वडील गेल्या वर्षी गेले आणि आई आता धाकट्या भावाकडे राहते. मुलांच्या पुढच्या शिक्षणाचा विचार करता परतण्याची हीच वेळ आहे, असे आम्हां दोघांनाही वाटते.

मुलगी तेरा वर्षांची असून ती रेडिंगलाच जन्मली. मुलगा पाच वर्षांचा आहे आणि त्याचा जन्म पुण्याचा असला तरी माझ्या नागरिकत्वामुळे तोही ब्रिटिश आहे. पत्नीकडे मात्र भारतीय पारपत्र आहे. तिला पूर्वी आयएलआर (ब्रिटनमध्ये कायम राहण्याचा परवाना) मिळाला होता, परंतु सलग दोन वर्षांपेक्षा अधिक काळ बाहेर राहिल्याने तो संपुष्टात आला, आणि ही गोष्ट आमच्या लक्षात आली तोवर उशीर झाला होता.

पुण्यात माझा वार्षिक पगार ३२ लाख रुपये आहे. पत्नी शाळेत शिकवते, तिला वर्षाला साडेसात लाख मिळतात. कोथरूडच्या एका सदनिकेचे महिन्याला ३८,००० रुपये भाडे येते. बँकेत मुदत ठेवी सुमारे ३२ लाखांच्या आणि म्युच्युअल फंडात १८ लाख आहेत. लीड्समधील एका कंपनीशी बोलणी चालू असून ते ४५,००० पौंड देण्यास तयार दिसतात. लंडनच्या परिसरात शोधले तर ५५,००० पर्यंत मिळू शकेल.

माझे प्रश्न दोन आहेत. पत्नीच्या व्हिसासाठी उत्पन्नाची जी अट आहे ती आमच्या बाबतीत कशी मोजली जाईल? आणि ती अट पूर्ण झाली तरी चार माणसांचे घर एवढ्या पगारात चालेल का? जुन्या अनुभवावरून अंदाज बांधायला गेलो तर २०१७ चे आकडे आता उपयोगाचे राहिलेले नाहीत.

पगारपत्रक

मी तीन वर्षांपूर्वी याच मार्गाने पत्नीला आणले, त्यामुळे आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देतो.

११ एप्रिल २०२४ पासून जोडीदाराच्या व्हिसासाठी किमान उत्पन्नाची अट वर्षाला २९,००० पौंडांची आहे. त्याआधी २०१२ पासून ती १८,६०० होती आणि बिगरब्रिटिश मुलांसाठी तीत वेगळी भर पडत असे. आता मुलांसाठी भर नाही, आणि आपली मुले ब्रिटिश असल्याने तो प्रश्न तसाही आपल्याला लागू झाला नसता. ही मर्यादा आधी ३४,५०० आणि मग ३८,७०० पौंडांवर नेण्याचे मागील सरकारने जाहीर केले होते, पण २०२४ च्या सत्तांतरानंतर ती वाढ थांबवण्यात आली आणि आकडा २९,००० वरच राहिला.

आपण दोघे एकत्र परतणार असाल तर आपल्याला ही अट दोनदा पूर्ण करावी लागेल, आणि बहुतेकांची गफलत नेमकी इथेच होते. ब्रिटनमध्ये २९,००० किंवा त्याहून अधिक पगाराची नोकरी ठरलेली असली पाहिजे आणि ती परतल्यापासून तीन महिन्यांच्या आत सुरू होणारी असली पाहिजे. लीड्सची नोकरी पक्की झाली तर हा भाग सुटतो. मात्र त्याचबरोबर आपला सध्याचा पुण्यातील पगारही, एकाच कंपनीत किमान सहा महिने काम करून, २९,००० पौंडांच्या तोडीचा असावा लागतो. एक पौंड ११५ रुपये धरला तर हे ३३ लाख ३५ हजार रुपये होतात. ब्रिटनमधील भरघोस पगाराचे पत्र हातात असले की काम झाले, अशा समजुतीत अनेक जण राहतात आणि इथला पगार कमी पडला म्हणून अडकतात.

आपण लिहिलेले ३२ लाख ही सीटीसीची रक्कम आहे का, हे तपासून पाहा. सीटीसीमध्ये कंपनीचा भविष्यनिर्वाह निधीचा वाटा आणि ग्रॅच्युइटी धरलेली असते आणि या दोन्ही रकमा पगार म्हणून मोजल्या जात नाहीत. पेस्लिपवरचा कर-कपातीपूर्वीचा पगार मोजला जातो, आणि पेस्लिपवरची निव्वळ रक्कम बँकेत जमा झालेल्या रकमेशी महिन्यामागून महिना जुळावी लागते. माझ्या स्वतःच्या अर्जाच्या वेळी एका महिन्याचा पगार दोन हप्त्यांत जमा झाला होता. तेवढ्यासाठी कंपनीकडून वेगळे पत्र घ्यावे लागले आणि अर्ज पाच आठवडे लांबला.

पत्नीचा पुण्यातील पगार या हिशेबात अजिबात धरला जात नाही. ज्या व्यक्तीला ब्रिटनमध्ये काम करण्याची परवानगी अजून मिळालेली नाही, तिची परदेशातील कमाई पहिल्या अर्जाला उपयोगी पडत नाही. मुदतवाढीच्या वेळी मात्र तिची तेथील कमाई मोजली जाईल. सदनिकेचे भाडे धरता येते, मात्र ते आपल्या किंवा पत्नीच्या मालकीच्या घराचे असावे, मागील बारा महिन्यांत प्रत्यक्ष मिळालेले असावे आणि अर्जाच्या दिवशी ते घर आपल्याच मालकीचे असावे. मालकीत तिसरी व्यक्ती असेल तर केवळ आपल्या वाट्याचे भाडे धरतात.

एवढे करूनही तूट राहिली तर बचत मदतीला येते. सूत्र असे आहे की पहिले १६,००० पौंड धरायचेच नाहीत, त्यावरची रक्कम अडीचने भागायची आणि जे येईल तेवढे उत्पन्न समजायचे. काहीच उत्पन्न नसेल तर ८८,५०० पौंड लागतात, म्हणजे ११५ च्या दराने एक कोटी रुपयांहून अधिक. आपल्याला तेवढी गरज पडणार नाही, कारण पगार, भाडे आणि बचत हे तिन्ही एकत्र जोडता येतात. बचत सहा महिने आपल्या ताब्यात असावी, उधारीची नसावी आणि गरज पडल्यास ताबडतोब काढता यावी. मोडता येणारी मुदत ठेव चालते, मग मोडताना दंड लागला तरी हरकत नाही. कर वाचवण्यासाठी केलेली पाच वर्षांची ठेव मुदतीपूर्वी मोडता येत नाही, म्हणून ती चालत नाही. पीपीएफचेही तेच. म्युच्युअल फंड जसाच्या तसा मोजत नाहीत, परंतु तो विकून रक्कम खात्यात आणली आणि आधीचे सहा महिने तो आपल्याच नावावर होता याची कागदपत्रे दिली, तर ती रक्कम ग्राह्य धरतात.

दुसरा मार्ग म्हणजे आपण एकट्याने पुढे जायचे, लीड्सच्या नोकरीत सहा महिने काढायचे आणि तेथील सहा पेस्लिपा लावून पत्नीचा अर्ज करायचा. त्यात पुण्याच्या पगाराचा प्रश्नच उरत नाही आणि कागदपत्रे सुटसुटीत होतात. मात्र निर्णयाला बारा आठवड्यांपर्यंत वेळ लागू शकतो हे धरले तर कुटुंब नऊ महिने विभागलेले राहते. मी स्वतः हा मार्ग घेतला होता. मुले लहान असताना तो पुन्हा घेईन असे मला वाटत नाही.

पत्नीला पूर्वी आयएलआर होता म्हणून एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. परतणाऱ्या रहिवाशांसाठी वेगळा व्हिसा असतो आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. परंतु ब्रिटनशी आपले संबंध टिकून आहेत हे त्यात दाखवावे लागते. आठ वर्षांच्या खंडानंतर, तेथे घर किंवा जवळचे नातेवाईक नसतील, तर केवळ त्याच्यावर भिस्त ठेवू नये असे माझे मत आहे.

खर्चाचा आकडाही लिहून ठेवा. भारतातून केलेल्या अर्जाचे शुल्क एप्रिल २०२५ च्या दराने १,९३८ पौंड होते आणि आरोग्य अधिभार वर्षाला १,०३५ या दराने तीन वर्षांचा, म्हणजे ३,१०५ पौंड होतो. पत्नीच्या एकट्या व्हिसासाठी ५,०४३ पौंड, म्हणजे जवळपास पाच लाख ऐंशी हजार रुपये. शिवाय क्षयरोगाची चाचणी आणि इंग्रजीचा पुरावा लागतोच.

लीड्सकर

आम्ही चौघे २०२४ च्या जुलैमध्ये नाशिकहून लीड्सला परतलो, म्हणून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर माझ्या वहीतून देतो.

प्रथम एक गोष्ट स्पष्टपणे मांडतो. २९,००० हा आकडा पत्नीला देशात प्रवेश मिळवून देणारा आहे, त्यात चार माणसांचे घर चालत नाही. त्या पगारातून कर आणि नॅशनल इन्शुरन्स (सामाजिक विम्याची सक्तीची वर्गणी) वजा जाता महिन्याला सुमारे २,०३० पौंड हाती येतात. सभ्य किमान राहणीमानासाठी किती उत्पन्न लागते याचा हिशेब लफबरो विद्यापीठ आणि जोसेफ राउंट्री फाउंडेशन दरवर्षी मांडतात. २०२५ साली दोन लहान मुले असलेल्या जोडप्यासाठी तो आकडा दोघांचा मिळून ७४,००० पौंड होता. त्यात लहान मुलाच्या पाळणाघराचा मोठा खर्च धरलेला असतो आणि आपली मुले शाळेत जाणारी असल्याने आपली गरज त्याहून कमी असेल. तरीही २९,००० आणि ७४,००० यांतील अंतर किती मोठे आहे हे डोळ्यांसमोर राहिलेले बरे.

४५,००० वर काय हाती येते ते पाहा. पहिल्या १२,५७० पौंडांवर कर नाही, त्यापुढे २० टक्के कर आणि ८ टक्के नॅशनल इन्शुरन्स. म्हणजे महिन्याला २,९९३ पौंड. त्यातून कंपनीच्या निवृत्तिवेतन योजनेतील आपला किमान वाटा जातो, आणि करसवलत धरूनही तो १३० पौंडांच्या घरात असतो. थोडक्यात २,८६० धरावेत.

आता खर्च. आमचे तीन शयनगृहांचे घर शहराच्या उत्तरेला आहे, भाडे १,२५० पौंड. कौन्सिल टॅक्स (तेथील घरपट्टी) महिन्याला १६५, गॅस आणि वीज सरासरी १५० (हिवाळ्यात यापेक्षा बरेच जास्त, उन्हाळ्यात कमी), पाणी ४५, इंटरनेट आणि दोन फोन ६०. किराणा, भाजी आणि दूध मिळून ६५० होतात. घरी रोज स्वयंपाक होतो आणि बाहेर खाणे महिन्यातून एकदाच असते, तरीही. गाडीचा विमा, इंधन आणि देखभाल यांसाठी २५०, माझा रेल्वे आणि बसचा प्रवास ८०. इथवर २,६५० झाले. मुलांचे कपडे, बूट, शाळेच्या सहली, पोहण्याचा वर्ग, कुणाचा वाढदिवस असे धरले की आणखी २०० जातात, आणि दर महिन्याला काही ना काही अनपेक्षित निघते ते १५०. बेरीज ३,०००. दोन मुलांचा चाइल्ड बेनिफिट (मुलांसाठीचा सरकारी भत्ता) २०२५-२६ च्या दराने आठवड्याला ४३ पौंड ३० पेन्स, म्हणजे महिन्याला सुमारे १८७ मिळतो. तो मिळाला तर ४५,००० वर ताळमेळ बसतो आणि पन्नासेक पौंड उरतात. भारतातील एक फेरी आम्हां चौघांना गेल्या वर्षी ३,२०० पौंडांना पडली. ती या वहीत कुठेही बसत नाही.

चाइल्ड बेनिफिटविषयी दोन सूचना. वर्षभराहून अधिक काळ बाहेर राहून आलेल्यांना तो साधारणतः पहिले तीन महिने मिळत नाही, म्हणून तेवढे महिने त्याच्याविना काढण्याची तयारी ठेवा. आणि तो अर्ज आपल्याच नावाने करा. पत्नीच्या व्हिसावर सार्वजनिक निधी न घेण्याची अट असेल, त्यामुळे तिच्या नावाने केलेला अर्ज तिच्याच अडचणीचा ठरू शकतो.

लंडनच्या ५५,००० चा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु घरमालकाचा दलाल भाडेकरूचे वार्षिक उत्पन्न मासिक भाड्याच्या तीसपट आहे का ते पाहतो. आमच्या १,२५० साठी ३७,५०० पुरले. लंडनमधील सरासरी भाडे २,२०० पौंडांच्या वर गेले आहे, त्याच्या तीसपट म्हणजे ६६,०००. तेव्हा ५५,००० वर तेथे कुटुंबासाठी सरासरी घरही मिळणे अवघड आहे, मग ते परवडण्याची गोष्ट दूरच राहिली. रेडिंग लंडनइतके महाग नाही, पण आपण २०१७ साली देत होता त्या भाड्याची आठवण मनातून काढून टाकावी लागेल.

परतणाऱ्यांपुढची आणखी एक अडचण म्हणजे तेथील पत-इतिहास पुसला गेलेला असतो. आम्हाला घरमालकाने सहा महिन्यांचे भाडे आगाऊ मागितले आणि ७,५०० पौंड एकरकमी द्यावे लागले. नव्या कायद्यानुसार इंग्लंडमध्ये १ मे २०२६ पासून एका महिन्यापेक्षा अधिक आगाऊ भाडे मागता येत नाही. हे भाडेकरूच्या हिताचे असले, तरी ज्याच्याकडे रोख आहे पण पत-इतिहास नाही अशा आपल्यासारख्यांना आता कदाचित जामीनदार शोधावा लागेल. जुना सहकारी किंवा नातेवाईक यासाठी तयार आहे का, हे आतापासून विचारून ठेवा. अनामत रक्कम पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा अधिक घेता येत नाही. आमच्या घरासाठी ती १,४४२ होती.

गाडीच्या विम्याचेही तसेच. अपघाताविना गाडी चालवल्याची जुनी सवलत बहुतेक विमा कंपन्या दोनच वर्षे मानतात, त्यामुळे आपली रेडिंगची सगळी वर्षे वाया गेली असे समजून पहिल्या वर्षीचा हप्ता धरा.

वहीपेन्सिल

वरील सर्व हिशेबांत मुलीच्या वयाचा विचार यायला हवा, म्हणून थोडक्यात लिहिते.

ब्रिटिश पारपत्र असले तरी विद्यापीठात स्थानिक विद्यार्थ्याचे शुल्क आपोआप लागू होत नाही. अभ्यासक्रम सुरू होण्याआधीची तीन वर्षे ब्रिटनमध्ये सर्वसाधारण वास्तव्य असावे लागते. आपली मुलगी तेरा वर्षांची आहे, म्हणजे ती तेथे असती तर आता तेथील नववीच्या वर्गात (इयर ९) असती आणि २०३० च्या सप्टेंबरमध्ये विद्यापीठात गेली असती. त्यामुळे १ सप्टेंबर २०२७ पूर्वी तिने तेथे स्थायिक होणे आवश्यक आहे. इंग्लंडमध्ये २०२५-२६ साठी स्थानिक शुल्काची मर्यादा ९,५३५ पौंड होती आणि परदेशी विद्यार्थ्यांना त्याच्या दुपटीपासून चौपटीपर्यंत द्यावे लागतात. शैक्षणिक कर्जही स्थानिक विद्यार्थ्यालाच मिळते.

प्रत्यक्षात मुदत याहूनही जवळ आहे. जीसीएसईचा (सोळाव्या वर्षाच्या सुमारास द्यायच्या शालेय परीक्षेचा) अभ्यासक्रम तेथील दहावीच्या वर्गापासून दोन वर्षे चालतो आणि मधेच आलेल्या मुलाला विषय व परीक्षा मंडळ जुळवून घेताना फार त्रास होतो. माझी भाची अकरावीच्या वर्गात जाऊन बसली, हुशार असूनही तिचे ते वर्ष अतिशय कठीण गेले. शक्य असेल तर सप्टेंबर २०२६ च्या आत जावे. एकट्याने पुढे जाऊन सहा महिने काढण्याचा मार्ग या मुदतीत बसतो का, हे तारखा लिहून तपासून पाहा.

मुळाकाठ

आपण सर्वांनी एवढा वेळ देऊन लिहिले त्याबद्दल मनापासून आभार. पगारपत्रक यांनी विचारल्याप्रमाणे पाहिले आणि चूक लक्षात आली. ३२ लाख ही सीटीसीच आहे. पेस्लिपांवरून कर-कपातीपूर्वीचा वार्षिक पगार २९ लाख ४० हजार भरतो. कोथरूडची सदनिका माझ्या आणि धाकट्या भावाच्या संयुक्त नावावर, निम्म्या-निम्म्या वाट्याने आहे. ठेवींपैकी २६ लाखांच्या ठेवी मोडता येण्याजोग्या असून त्या दोन वर्षे जुन्या आहेत, उरलेल्या सहा लाखांच्या कर वाचवण्यासाठीच्या आहेत.

मुलीच्या शिक्षणाच्या तारखा पाहिल्यावर मी एकट्याने आधी जाण्याचा विचार सोडून दिला आहे. तेव्हा एकत्र जाण्याच्या मार्गाने आम्ही अटीत बसतो का? आणि पत्नीने तेथे शाळेत काम केले तर तिच्या कमाईचा अंदाज किती धरावा?

पगारपत्रक

बसता, परंतु काठावर. ११५ चा दर धरून आपला हिशेब असा होतो. पगाराचे २५,५६५ पौंड. भाड्यातील आपला निम्मा वाटा वर्षाला २ लाख २८ हजार, त्याचे १,९८३ पौंड. दोन्ही मिळून २७,५४८, म्हणजे तूट १,४५२ पौंडांची. ती अडीचपट करून १६,००० मध्ये मिळवली की १९,६३० पौंड होतात. इतकी बचत दाखवावी लागेल, रुपयांत साडेबावीस लाखांहून थोडी अधिक. आपल्याकडे मोडता येण्याजोग्या २६ लाखांच्या ठेवी आहेत, त्यामुळे आजच्या या हिशेबाने अट पूर्ण होते.

मात्र रुपयांचे पौंड करताना अर्जाच्या तारखेचा दर लावतात, आणि अधिकारी त्यासाठी ओआंडा या संकेतस्थळावरचा दर पाहतात. समजा त्या दिवशी पौंड १२० रुपयांना असेल, तर पगार २४,५०० वर येतो, भाडे १,९०० वर आणि तूट २,६०० ची होते. मग बचत २२,५०० पौंड लागते, जी १२० च्या दराने बरोबर २७ लाख भरते. पौंड पाच रुपयांनी महागला तर आपले २६ लाख कमी पडतात. म्हणून अर्ज करण्यापूर्वी म्युच्युअल फंडातील निदान पाच लाख काढून खात्यात ठेवा आणि ते फंड सहा महिन्यांहून अधिक काळ आपल्या नावावर होते याचे विवरण जपून ठेवा. कंपनीकडून पगारवाढ अपेक्षित असेल तर तिचा मात्र या अर्जापुरता आधार धरू नका, कारण पगाराच्या नोकरीत सहा महिन्यांतील सर्वांत कमी पातळीचा पगार मोजला जातो.

ही बचत अर्जाच्या दिवशी असली म्हणजे झाले. व्हिसा मिळाल्यावर ती घर उभारण्यासाठी वापरता येते, आणि आपल्याला तिची गरज पडेलच. व्हिसाचे पाच हजार, विमानभाडे, अनामत, पहिल्या महिन्याचे भाडे, जुनी गाडी, पलंग-गाद्या आणि थंडीचे कपडे मिळून १८ ते २० हजार पौंड पहिल्या तीन महिन्यांतच उडतात. शिवाय पहिला पगार महिनाअखेरीस येतो.

जाता जाता कराविषयी. दहा सलग करवर्षे अनिवासी राहून परतणाऱ्यांना एप्रिल २०२५ पासून परदेशी उत्पन्नावर चार वर्षांची सवलत मिळते. आपण ऑगस्ट २०१७ मध्ये गेलात, त्यामुळे आपली दहा वर्षे भरत नाहीत. परतल्यावर कोथरूडचे भाडे आणि ठेवींचे व्याज ब्रिटनच्या विवरणपत्रात दाखवावे लागेल, भारतात भरलेल्या कराचे श्रेय मिळेल.

डब्यातली पोळी

मुळाकाठ, आपल्या पत्नीच्या कमाईविषयी मी लिहिते, कारण मीही पुण्याच्या शाळेतून येऊन येथील प्राथमिक शाळेत शिक्षक-सहायक म्हणून लागले.

जाहिरातीत दिसणारा पगार पूर्ण वर्षाच्या पूर्णवेळ कामाचा असतो. प्रत्यक्ष काम शाळेच्या सत्रांपुरते आणि दिवसाला सहा-साडेसहा तासांचे असते, म्हणून हाती येणारा पगार त्या आकड्याच्या तीन-चतुर्थांश किंवा त्याहूनही कमी असतो. मी जाहिरातीत २४,००० वाचले होते आणि मला प्रत्यक्षात १७,००० च्या आसपास मिळतात. शिवाय पोलिसांकडील तपासणी, भारतातील चारित्र्य दाखला आणि संदर्भपत्रे यांत चार महिने गेले. म्हणून पहिल्या सहा महिन्यांसाठी तिच्या नावापुढे शून्य लिहावे आणि त्या काळातील दरमहाची तूट साठवणीतून भरावी.

तरीही हा दुसरा पगार मोलाचा आहे. येथे प्रत्येकाचा कर वेगळा मोजतात आणि प्रत्येकाला १२,५७० ची करमुक्त मर्यादा मिळते. एकट्याचे ६०,००० असतील तर महिन्याला ३,७८० हाती येतात, तेच दोघांचे तीस-तीस हजार असतील तर ४,१८७. आपल्या ४५,००० मध्ये तिचे १७,००० मिळाले तर तिच्या पगारातून कर व नॅशनल इन्शुरन्स मिळून महिन्याला जेमतेम शंभर पौंड जातील आणि घरात १,३१० ची भर पडेल. शाळेची वेळ मुलाच्या वेळेशी जुळत असल्याने शाळेनंतरच्या सांभाळाचा खर्चही वाचेल. मुलाला दुसरीच्या वर्गापर्यंत शाळेत दुपारचे जेवण मोफत आहे, मुलीच्या डब्याचे मात्र धरा.

माझ्या मते लीड्सला ४५,००० वर जाता येईल, पण सहा महिन्यांच्या तुटीपोटी दोन-अडीच हजार पौंड आणि भारताच्या एका तातडीच्या फेरीपुरते पैसे पहिल्या दिवसापासून वेगळ्या खात्यात ठेवा. आपल्या आई पुण्यात आहेत. वयोवृद्ध पालकांना कायमचे आणण्याचे नियम २०१२ पासून इतके कडक आहेत की तो मार्ग जवळजवळ बंदच आहे, आणि बोलावणे येते तेव्हा तिकिटाचा भाव पाहत बसता येत नाही. आमच्याकडे ते खाते नव्हते, आणि सासऱ्यांच्या वेळी यांना एकट्यानेच जावे लागले.

मुळाकाठ

वेगळे खाते आजच उघडतो. लीड्सच्या कंपनीकडे ४५,००० ऐवजी ४८,००० मागून पाहणार आहे, आणि त्यांचे लेखी पत्र आले की फंडातील सहा लाख काढून अर्जाची तयारी सुरू करेन. धाकट्या भावाशीही बोललो. सदनिकेच्या खरेदीखताची प्रत आणि बारा महिन्यांच्या भाड्याच्या नोंदी तो या आठवड्यात काढून देणार आहे.